प्रमाणपत्राआधीची वर्षे: कोल्हापूरच्या शिक्षण प्रशासनास खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर
आणि
माननीय प्रशासनाधिकारी, प्राथमिक शिक्षण समिती, कोल्हापूर महानगरपालिका

सविनय नमस्कार.

पहिली ते तिसरीच्या वर्गांत वाचणे, लिहिणे किंवा आकडेमोड करणे ज्यांना सोबतच्या मुलांपेक्षा फार जड जाते, अशा मुलांच्या आईवडिलांच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे. माझी मुलगी यंदा चौथीत आहे आणि तिला अध्ययन अक्षमता असल्याची नोंद आता रीतसर झालेली आहे. त्यामुळे या पत्रातली मागणी तिच्यासाठी नाही. तिच्या मागून पहिलीच्या बाकावर येऊन बसणाऱ्या मुलांच्या घरांसाठी आहे. ती मागणी अशी की, मुलाच्या अडचणीची पहिली शंका आल्यापासून अक्षमतेचे प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत जी दोन-तीन वर्षे जातात, त्या काळात पालकांना हक्काने जाऊन बसता येईल आणि जाणत्या माणसाला विचारता येईल अशी एक जागा प्रत्येक केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी मिळावी.

ही वर्षे मोकळी का राहतात हे आपण जाणताच, तरीही इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार, शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि तिच्यावर योग्य ते अध्यापनाचे व इतर उपाय करावेत, अशी अपेक्षा आहे. प्रमाणपत्राची वाट मात्र उशिरा सुरू होते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी शाळेतली प्राथमिक तपासणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करावी असे ठरवले, आणि त्याआधी सहसा कोणी प्रमाणपत्र देत नाही. त्यामागचे कारण मला पटते. सहा वर्षांचे मूल वाचायला नुकतेच शिकत असते. त्याच्यावर घाईने शिक्का मारला तर तो चुकीचा ठरण्याचा धोका असतो. परंतु शिक्का नको म्हणून मदतही नको, असा त्याचा अर्थ व्यवहारात झाला आहे. फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्या मुलाला आपण पुढच्या बाकावर आणून बसवतो, त्यासाठी आधी कोणी नेत्रतज्ज्ञाचा दाखला मागत नाही. वाचनात अडणाऱ्या मुलाच्या आईला मात्र ‘आधी तपासून घ्या, दाखला आणा, मग बघू’ हे उत्तर मिळते, आणि तपासायला गेले तर ‘अजून वय लहान आहे’ हे दुसरे.

या दोन उत्तरांच्या मध्ये घरात काय घडते ते सांगितल्याशिवाय माझी मागणी समजणार नाही. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंद येते: ‘वाचनाचा सराव आवश्यक’. ही नोंद चुकीची नाही, पण आईवडिलांच्या हाती तिचे काय होते याचा विचार व्हावा. सराव म्हणजे तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचून घेणे आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणे, एवढेच बहुतेक घरांना ठाऊक असते, कारण आपणही तसेच शिकलो. संध्याकाळी चूल, पाणी, जनावरे किंवा कारखान्याची पाळी सांभाळून आई वही घेऊन बसते, अर्ध्या तासात आवाज चढतो, मूल रडते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्याचे पोट दुखायला लागते.

माझ्या मुलीच्या पहिलीच्या वहीत ‘पिशवी’ हा शब्द ‘पशिवी’ असा लिहिलेला असे. खाली लाल शाईत तो दहा वेळा लिहून आणण्याची सूचना असे, आणि दहाही ओळींत ‘पशिवी’च उतरत असे. पुढे एका विशेष शिक्षिकेने ती वही समोर ठेवून मला समजावून सांगितले. मूल कानाने ऐकते तेव्हा आधी ‘प’ येतो आणि नंतर ‘इ’. पण आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढायची असते. ज्या मुलाला आवाज आणि चिन्ह यांची सांगड आपोआप घालता येत नाही, त्याचा हात ऐकलेल्या क्रमाने चालतो: आधी प, मग वेलांटी, मग श. अशी ती वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. ‘सूर्य’ लिहिताना तेच होते. र आधी ऐकू येतो आणि त्याचे चिन्ह मात्र य च्या डोक्यावर बसते. आकड्यांतही हाच घोळ आहे. ‘त्रेसष्ट’ म्हटले की तीन आधी कानावर पडतो, म्हणून मूल ३६ लिहून मोकळे होते, आणि ‘एकोणसाठ’मध्ये तर ऐकू येणारा साठ लिहायचाच नसतो.

त्या बाईंनी सांगितलेले उपाय कोणत्याही घरात करता येण्याजोगे होते. शब्द आधी टाळ्या वाजवत तोडायचा: पि, श, वी. लिहिताना डावीकडे बोटभर जागा सोडून अक्षर काढायचे आणि मग मागे येऊन वेलांटी द्यायची. सुरुवातीला हे वहीत करायचेच नाही. परातीत रवा पसरून त्यात बोटाने करायचे. दिवसाला तीन शब्द आणि दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणे पूर्ण बंद, कारण त्याने हाताला चूकच पक्की होते. आणि रोज झोपताना आईने किंवा वडिलांनी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणजे वाचता येत नाही म्हणून गोष्टींची गोडी मुलाच्या वाट्यातून जात नाही. महिन्याभरात मुलीचे वाचन सुधारले असे मी म्हणणार नाही. त्याला पुढे बराच काळ लागला. घरातले रडणे मात्र थांबले. हे ज्ञान दुर्मिळ नाही. ते तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या आपल्याच गट साधन केंद्रांतील विशेष शिक्षकांकडे आहे. पालकांपर्यंत ते पोहोचण्याची ठरलेली वाट तेवढी नाही.

ही वाट नसल्याने पालक कुठे कुठे जातात, तेही आपल्यापुढे ठेवले पाहिजे. सहा वर्षांच्या मुलाला दोन-दोन शिकवण्या लागतात. मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घालणे किंवा इंग्रजीतून काढून मराठीत आणणे, हा दुसरा प्रयोग होतो. मेंदू जागृत करून देण्याची हमी देणारे वर्ग आणि एकाग्रतेच्या गोळ्या यांच्यावर, महिन्याच्या किराण्यात काटकसर करून, पैसे खर्च होतात. हे पालक अडाणी असतात म्हणून फसतात, असे कृपया समजू नये. त्यांच्या प्रश्नाकडे कोणी तरी लक्ष देऊन ऐकले, तर ते पहिल्यांदा त्या वर्गवाल्यांनी ऐकलेले असते.

सर्वांत जास्त भार आईवर येतो. ‘तुझ्या लाडानं झालंय’, ‘मोबाईल दिलास म्हणून’, ‘तू नोकरीला जातीस म्हणून’, अशी कारणे घरातूनच पुढे येतात, आणि काही काळाने तिला स्वतःलाही ती खरी वाटू लागतात. वस्तुस्थिती अशी आहे की, अध्ययन अक्षमता ही मेंदू आवाज, अक्षरे आणि संख्या यांच्यावर ज्या पद्धतीने काम करतो त्याच्याशी निगडित आहे; बुद्धी कमी असल्याने, आळसाने किंवा लाडाने ती येत नाही. ती अनेकदा कुटुंबात चालत येते. आमच्या ओळखीच्या एका घरात हे समजल्यावर, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे मुलाचे वडील बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मला बी वाचाय येत न्हवतं. सातवीत शाळा सोडली ती त्यापायीच.’ त्या दिवसापासून मुलाच्या अभ्यासाला ते स्वतः बसू लागले. असे वडील या जिल्ह्यात गावोगाव असतील. आपण नापास का होत गेलो, याचे उत्तर त्यांना चाळिशीपर्यंत कोणी दिलेले नसते, आणि मुलाच्या वहीवर ओरडताना ते आपल्याच जुन्या अपमानावर ओरडत असतात.

अशी मुले किती असतील, हा प्रश्न स्वाभाविक आहे. जगभरातील अभ्यासांचे अंदाज शाळकरी मुलांत शेकडा ५ ते १५ असे सांगतात. त्यातला सर्वांत कमी आकडा धरला तरी तीस मुलांच्या वर्गात एक-दोन मुले अशी येतातच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत कोल्हापूरच्या शाळांची नावे झळकतात याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. त्या यादीसाठी शिक्षक सुट्टीच्या दिवशीही जादा तास घेतात हे मी पाहिले आहे. त्याच निष्ठेतले महिन्याचे दोन तास या एक-दोन मुलांच्या पालकांसाठी मागणे अवाजवी ठरू नये.

नवी यंत्रणा उभारावी लागेल, असे आमचे म्हणणे नाही. ‘समग्र शिक्षा’ या शासनाच्या शालेय शिक्षण योजनेखाली तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्रातल्या सर्व शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद ठरावीक काळाने भरतेच. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ उपक्रमातून २०२२ पासून गावोगाव माता पालकांचे गट तयार झाले आहेत आणि त्यांचे व्हॉट्सॲप गटही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांची तपासणी करतात, आणि विकासातील विलंब ओळखणे हा त्या तपासणीचाच भाग आहे. हे सगळे धागे आज वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदवह्यांत आहेत. पालक मात्र एकाही ठिकाणी समोर नसतो. तपासणी होते तेव्हा आई शेतात असते, आणि तिला संध्याकाळी कळते ते एवढेच की ‘आज डॉक्टर आलते’.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शिक्षण परिषदेला जोडून, किंवा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, केंद्रशाळेत दोन तासांची पालक बैठक ठेवावी. तिथे विशेष शिक्षकाने असावे, केंद्रप्रमुखांनी असावे, आणि ज्या वर्गशिक्षकाला एखाद्या मुलाबद्दल शंका आहे त्याने त्या मुलाच्या पालकांसोबत यावे. वर्गशिक्षक सोबत आले पाहिजेत यावर माझा विशेष भर आहे, कारण पालकाने घरी एक करायचे आणि शाळेत दुसरेच चालायचे, यात मुलाचे हाल होतात. बैठकीत भाषण नको. मुलाची वही समोर ठेवावी, ते कुठे अडते ते बघावे, पुढच्या महिन्यात घरी करायच्या दोन-तीन गोष्टी करून दाखवाव्यात आणि त्या एका कागदावर मराठीत लिहून पालकांच्या हाती द्याव्यात. तो कागद पालकाकडेच राहावा. आठव्या वर्षी जेव्हा तपासणीला जावे लागेल, तेव्हा मूल कुठे अडत होते, काय करून पाहिले आणि कशाचा उपयोग झाला, ही माहिती त्या कागदांतून तज्ज्ञाला आयती मिळेल. आज तिथे आईला आठवेल ते सांगावे लागते.

या बैठकीत सर्वांत आधी डोळे आणि कान तपासले आहेत का, हे विचारले जावे. चष्म्याचा नंबर असलेले किंवा कानात वारंवार पाणी होऊन कमी ऐकू येणारे मूल वाचनात मागे पडते, आणि त्याचा उपाय वेगळा असतो. तसेच भाषेचेही आहे. शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड या सीमेलगतच्या तालुक्यांत अनेक घरांची भाषा कन्नड आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बाहेरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात आणि हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्यांसोबत मुले येतात. शाळेची भाषा नवी असल्याने अडखळणाऱ्या मुलाला अक्षमतेच्या रांगेत उभे करू नये, आणि भाषा नवी आहे या सबबीखाली खरी अक्षमताही दडून जाऊ नये. हा फरक कागदावरच्या प्रश्नावलीने कळत नाही. तो पालकांशी बोलून कळतो: मूल घरच्या भाषेत उशिरा बोलू लागले का, त्या भाषेतली बडबडगीते त्याच्या तोंडी बसली का, दिलेले दोन निरोप क्रमाने सांगते का.

अंतराचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात मोठा आहे. चंदगड कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तिथल्या एखाद्या वाडीतल्या आईला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मुलाची तपासणी करून घ्यायची तर पहाटेची एसटी धरावी लागते, दिवसाची मजुरी बुडते, आणि त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ नसतील तर हे सगळे पुन्हा करावे लागते. आरोग्य विभागाशी बोलून तालुकावार दिवस ठरवून द्यावा आणि वेळ शाळेमार्फत आधी निश्चित करून मिळावी, अशी आमची विनंती आहे. गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ही सोय झाली तर आजरा, चंदगड आणि भुदरगडच्या पालकांचा निम्मा त्रास वाचेल.

पालकांच्या मनातली एक भीतीही आपण लक्षात घ्यावी. ‘विशेष शिक्षक’ हा शब्द ऐकला की, मुलाला आता या शाळेतून काढून विशेष शाळेत पाठवणार, असे अनेकांना वाटते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आपल्या शहरात चेतना विकास मंदिरासारख्या संस्थेने मोलाचे काम उभे केले आहे. पण अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची गरज वेगळी आहे आणि त्याची जागा त्याच्या नेहमीच्या वर्गातच आहे, हे पालकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ते सांगितले जात नाही म्हणून लोक अडचण लपवतात, आणि मुलाची ऐन शिकण्याची वर्षे लपवण्यात जातात. पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात हे खरे आहे. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या आईला दहावीच्या सवलती सांगून धीर येत नाही. तिला उद्या सकाळी काय करायचे ते हवे असते.

शाळांबद्दलही एक शब्द लिहिणे भाग आहे. सगळ्यांसमोर चुकीचे वाचून दाखवायला लावणे, ‘ढ’ म्हणून हाक मारणे, वर्गाबाहेर उभे करणे हे प्रकार अजूनही घडतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी केली आहे. केंद्रातल्या बैठकीत वर्गशिक्षक पालकांशेजारी बसू लागले, तर यातले बरेच आपोआप कमी होईल, असे मला वाटते, कारण बहुतेक शिक्षक दुष्टाव्याने तसे वागत नाहीत. पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत अडलेल्या मुलाचे काय करायचे, हे त्यांनाही कोणी दाखवलेले नसते. मुलाकडे नीट पाहून शिकवण्याची परंपरा या शहराला नवीन नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये इथेच सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलाची चूक समजून घेण्याचे काम कित्येक वर्षे करून दाखवले. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने शिक्षकांच्या प्रशिक्षणात देवनागरी लिपीतल्या नेमक्या अडचणींवर एक दिवस द्यावा, इतके आजही सहज करता येईल.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. पालकाला वगळून मूल शिकत नाही, हे तेव्हाच्या राज्यकर्त्याने ओळखले होते. आज या जिल्ह्यातले पालक मुलांना शाळेत पाठवतात, गणवेश शिवतात, शिकवणीचे पैसे भरतात, वही घेऊन रात्री बसतात. त्यांना बळजबरी करण्याची गरज उरलेली नाही. कसे बसायचे, हे त्यांना दाखवण्याची गरज आहे.

येत्या जूनपासून निदान चार केंद्रांत ही बैठक सुरू करून पाहावी, अशी आमची विनंती आहे: एक महापालिकेच्या हद्दीत, एक हातकणंगले तालुक्यात, एक शाहूवाडी किंवा गगनबावड्यात आणि एक चंदगडात. पालकांना निरोप देणे, आलेल्यांची नोंद ठेवणे, बैठक चालू असताना लहान मुलांना सांभाळणे आणि बोलायला संकोचणाऱ्या आईसोबत बसणे, ही कामे आमच्यासारखे या वाटेने आधी गेलेले पालक आनंदाने करतील. शहरातले काही पालक त्यासाठी तयार आहेत आणि तालुक्यांतही मिळतील. वर्षअखेरीस किती पालक आले आणि त्यांतले किती पुन्हा आले, हे पाहून पुढचा निर्णय आपण घ्यावा. शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात प्रवेशाच्या यादीशेजारी शाळेच्या फलकावर आणि गावातल्या अंगणवाडीच्या दारावर, पहिल्या बैठकीची तारीख, वेळ आणि विशेष शिक्षकांचे नाव लावले जावे.

आपली नम्र,
एक पालक
राजारामपुरी, कोल्हापूर